रसायनशास्त्र शिकवणाऱ्यांनी विश्वासार्ह माहिती कोठे शोधावी?

घटपर्णी (धागाकर्ती)

नमस्कार. मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते आणि गरज पडेल तेव्हा संस्थेच्याच शाळेत नववी-दहावीचे विज्ञानाचे तासही घेते. साहित्य मिळत नाही, अशी माझी तक्रार नाही. कोणत्याही घटकाचे नाव टंकले की चित्रफिती, टिपणे आणि प्रश्नसंचांचा ढीग समोर येतो. त्यातले कशावर विसंबावे आणि कोणत्या प्रश्नासाठी कोठे जावे, हे मात्र कोणी सांगत नाही.

एक उदाहरण देते. प्रमाण तापमान व दाबाला एक मोल आदर्श वायूचे आकारमान किती, असे विचारल्यावर वर्गातील काहींनी २२.४ लिटर, तर काहींनी २२.७ लिटर असे उत्तर दिले. दोन्ही गटांकडे छापील आधार होता. संदर्भ तपासण्यासाठी नेमके कोठे जायचे, हा माझा पहिला प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न भाषेचा आहे. आमच्याकडील बरीच मुले दहावीपर्यंत विज्ञान मराठीतून शिकतात आणि अकरावीला विज्ञान शाखेचे पुस्तक एकदम इंग्रजीत येते. संकल्पना ठाऊक असूनही वाक्य कळत नाही म्हणून ती गप्प बसतात. या टप्प्यावर उपयोगी पडेल असे साहित्य मराठीत आहे का? तिसरा प्रश्न प्रयोगांचा आहे. आमच्या प्रयोगशाळेत फ्यूम हूड, म्हणजे घातक वाफा बाहेर ओढून घेणारे कपाट, नाही आणि रसायनांची मागणी वर्षातून एकदाच पाठवता येते. अशा परिस्थितीत करता येण्याजोगे, पण केवळ करमणुकीचे नसलेले प्रयोग कोठे मिळतील?

संकेतस्थळांची लांबलचक यादी नको आहे. कोणता स्रोत कशासाठी चांगला आणि कशासाठी कुचकामी, हे वापरलेल्या माणसांकडून ऐकायचे आहे.

———

अणुभार

घटपर्णी मॅडम, आकारमानाच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण संदर्भ कसा तपासावा याचे ते नमुनेदार उदाहरण आहे. दोन्ही आकडे बरोबर आहेत, मात्र त्यांमागील दाब वेगळा आहे. तापमान ० अंश सेल्सिअस आणि दाब १ वातावरण, म्हणजे १,०१,३२५ पास्कल घेतला तर आकारमान २२.४१४ लिटर येते. दाब १ बार, म्हणजे नेमका १,००,००० पास्कल घेतला तर ते २२.७११ लिटर येते. शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने, ज्याला आपण आययूपॅक म्हणतो, १९८२ मध्ये प्रमाण दाब १ बार असा बदलला. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकातील वायूंच्या प्रकरणात नवी व्याख्या होती. ते प्रकरणच २०२२ मध्ये अभ्यासक्रमाच्या काटछाटीत गळले, हा भाग वेगळा. जुनी पुस्तके आणि त्यांवरून उतरवलेली मार्गदर्शके २२.४ लाच धरून राहिली. वर्गात मुलांना आदर्श वायूच्या समीकरणात दोन्ही दाब घालून आकडेमोड करायला लावावी. दोन ओळींत वाद मिटतो आणि दाब न सांगता आकारमान सांगता येत नाही, हेही त्यांना पटते.

आता स्रोतांबद्दल. व्याख्या, नामकरण, चिन्हे आणि एकके यांबाबत शंका आली तर आययूपॅकच्या पलीकडे जाण्याचे कारण नाही. त्यांचे ‘गोल्ड बुक’ म्हणजे रासायनिक संज्ञांचा कोश असून तो जालावर मोफत आहे. त्याची भाषा कोरडी आहे आणि तो विद्यार्थ्यांच्या हाती देण्यासारखा नाही, पण शिक्षकांनी तो उघडून पाहावा. मोलची व्याख्या २० मे २०१९ पासून बदलली. पूर्वी ती १२ ग्रॅम कार्बन-१२ मधील अणूंच्या संख्येवर आधारलेली होती. आता एक मोल म्हणजे नेमके ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण. अनेक टिपणांत अजून जुनीच व्याख्या फिरते आहे. एखादे टिपण किती ताजे आहे हे पाहायचे असेल, तर मी आधी त्यातली मोलची व्याख्या वाचतो आणि मग आवर्तसारणीत ११३, ११५, ११७ व ११८ या मूलद्रव्यांना नावे दिली आहेत का ते बघतो. निहोनियम, मॉस्कोव्हियम, टेनेसिन आणि ओगानेसन ही नावे २०१६ च्या नोव्हेंबरात पक्की झाली. त्या जागी तात्पुरती नावे दिसली तर कागद त्याआधीचा आहे असे समजावे.

उत्कलनांक, घनता, बाष्पीभवनाची ऊर्जा असे आकडे हवे असतील तर अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेचे ‘केमिस्ट्री वेबबुक’ आणि तेथल्याच राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे ‘पबकेम’ हे दोन स्रोत पुरेसे आहेत. दोन्ही मोफत असून प्रत्येक आकड्यासोबत तो कोठून घेतला हे दिलेले असते. आकड्याचा उगम न सांगणाऱ्या पानावरून आकडा उचलू नये, एवढे पथ्य पाळले तरी निम्म्या चुका टळतात.

———

कपिलाषष्ठी

अणुभार सरांचे म्हणणे शास्त्रीयदृष्ट्या मान्य आहे. परंतु मुलगा परीक्षेत काय लिहिणार? राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेचा भर राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर असतो आणि वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी मुले एनसीईआरटीवरून करतात. आययूपॅक काय म्हणते ते विचारायला कोणताही परीक्षक येत नाही.

———

अणुभार

प्रश्नात दाब दिला असेल तर तो वापरावा, नसेल तर ज्या मंडळाची परीक्षा आहे त्याच्या चालू पुस्तकातला आकडा लिहावा. शिक्षकाने मात्र दोन्ही आकड्यांचे कारण सांगितलेले असावे, म्हणजे पर्यायांत २२.७ दिसल्यावर मूल गोंधळत नाही. परीक्षेसाठी अधिकृत पुस्तक आणि समजुतीसाठी मूळ स्रोत असे दोन कप्पे मनात ठेवले की भांडण उरत नाही.

———

पुस्तकपाल

मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करतो, म्हणून नियतकालिकांपुरते लिहितो.

रसायनशास्त्राच्या अध्यापनाला वाहिलेले सर्वांत जुने व वजनदार नियतकालिक म्हणजे अमेरिकन केमिकल सोसायटीचे ‘जर्नल ऑफ केमिकल एज्युकेशन’. ते १९२४ पासून निघते. बहुतेक लेखांना पैसे पडतात, तरीही प्रत्येक लेखाचा सारांश मोफत वाचता येतो आणि प्रयोगाची कल्पना मिळण्यास तो पुष्कळदा पुरतो. ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीचे ‘केमिस्ट्री एज्युकेशन रिसर्च अँड प्रॅक्टिस’ मात्र वाचकांसाठी विनामूल्य आहे. ते संशोधकांसाठी असल्यामुळे जड आहे. विद्यार्थ्यांचा एखाद्या घटकाबाबत नेमका कोठे घोटाळा होतो हे शोधायचे असेल, तरच तिकडे वळावे.

‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ ही केंद्र सरकारची योजना २०२५ च्या जानेवारीपासून सुरू झाली. तिच्याद्वारे ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी उच्च शिक्षण संस्थांना आणि केंद्र सरकारच्या संशोधन संस्थांना उपलब्ध झाली आहेत. शाळा व कनिष्ठ महाविद्यालये या कक्षेत येत नाहीत. जवळच्या शासकीय महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या ग्रंथपालांना भेटून वाचनकक्षात बसण्याची परवानगी मागावी. आमच्याकडे अशी विनंती क्वचितच येते, आणि येते तेव्हा सहसा नाकारली जात नाही.

भारतीय नियतकालिकांत बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीचे ‘रेझोनन्स’ मला सर्वांत उपयोगी वाटते. १९९६ पासून दरमहा निघणाऱ्या या मासिकाचे सगळे अंक जालावर मोफत आहेत. बारावीच्या पुढच्या पातळीचे असल्याने ते शिक्षकाच्या स्वतःच्या वाचनासाठी योग्य आहे. शालेय पातळीसाठी अझीम प्रेमजी विद्यापीठाचे ‘आय वंडर’ अधिक सोपे असून तेही मोफत मिळते. हिंदी वाचण्याची तयारी असेल तर भोपाळच्या एकलव्य संस्थेचे ‘संदर्भ’ जरूर पाहावे. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ पासून तीन दशके चाललेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाचा अनुभव त्या संस्थेच्या पाठीशी आहे. त्याच प्रेरणेने पुण्यातून निघणारे ‘शैक्षणिक संदर्भ’ हे द्वैमासिक मराठीत आहे.

एक व्यावहारिक सूचना. चांगले पान सापडले की त्याचा दुवा जपून न ठेवता पान उतरवून घ्यावे. ‘विज्ञान प्रसार’ ही केंद्राची संस्था २०२३ मध्ये बंद झाली आणि तिच्या साहित्याकडे जाणारे कितीतरी दुवे निरुपयोगी झाले. अशी जुनी पाने इंटरनेट अर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’मध्ये पुष्कळदा सापडतात.

———

थेम्सकाठ

मी इंग्लंडमधील एका माध्यमिक शाळेत रसायनशास्त्र शिकवते. इकडील दोन स्रोत भारतातूनही वापरता येतात, म्हणून लिहिते.

रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीच्या शिक्षणविषयक संकेतस्थळावर शालेय प्रयोगांचा मोठा संग्रह आहे. त्यातील प्रत्येक प्रयोगासोबत शिक्षकासाठी टिपण आणि प्रयोगशाळा सहाय्यकासाठी वेगळे टिपण असते. द्रावणाची संहती किती ठेवावी, गॉगल कधी लावावा, उरलेले द्रावण कोठे टाकावे, इतके बारकावे त्यात लिहिलेले असतात. माझ्या मते प्रयोगाच्या स्रोताची हीच कसोटी असावी. ‘थोडेसे आम्ल घ्या’ असे लिहिणारे पान प्रयोगासाठी वापरू नये. दुसरा स्रोत म्हणजे शालेय प्रयोगांच्या सुरक्षेवर सल्ला देणाऱ्या क्लीप्स या संस्थेची विद्यार्थ्यांसाठीची सुरक्षापत्रके. या संस्थेचे बाकी साहित्य सदस्य शाळांपुरते असले, तरी ही पत्रके सर्वांसाठी खुली आहेत. एकेका पदार्थासाठी एकदोन पाने, त्यात संहतीनुसार धोका कसा बदलतो हे दिलेले. विरल आम्ल आणि संहत आम्ल यांना एकच इशारा चिकटवण्याची सवय त्यामुळे सुटते.

चुकीच्या कल्पनांबाबत पुस्तकपालांनी संशोधन नियतकालिक सुचवले आहे. त्याआधी व्हनेसा काइंड यांचा ‘बियॉण्ड अपिअरन्सेस’ हा अहवाल वाचावा. त्याची दुसरी आवृत्ती २००४ ची असून तो मोफत आहे. रासायनिक बंध तुटताना ऊर्जा बाहेर पडते, ही समजूत जगभरच्या मुलांत का आढळते आणि ती कशी हटवावी, याचे विवेचन त्यात आहे. भारतातही जीवशास्त्राच्या तासाला एटीपी या पेशींतील ऊर्जावाहक रेणूचा बंध ‘तुटल्यामुळे’ ऊर्जा मिळते असे मुले ऐकतात आणि पुढच्याच तासाला रसायनशास्त्राचे शिक्षक बंध तोडायला ऊर्जा द्यावी लागते असे सांगतात. दोन शिक्षकांनी शिक्षकखोलीत बसून हे आधी जुळवून घ्यायला हवे.

———

प्रयोगवही

प्रयोगशाळा सहाय्यक म्हणून कोल्हापुराकडे बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे घटपर्णी मॅडमच्या तिसऱ्या प्रश्नावर थोडे सविस्तर लिहितो.

सर्वप्रथम, जालावरचे ‘अद्भुत प्रयोग’ पाहून तसेच करू नयेत. अमोनियम डायक्रोमेटचा ज्वालामुखी हे त्याचे ठळक उदाहरण आहे. नारिंगी ढीग पेटतो, हिरवी राख उसळते आणि विज्ञान प्रदर्शनात टाळ्या मिळतात. त्या राखेत क्रोमियम ऑक्साइडसोबत न जळलेल्या डायक्रोमेटचे कणही उडतात. डायक्रोमेटमधील षट्संयुजी क्रोमियम हे माणसात कर्करोग घडवणारे म्हणून सिद्ध झालेले आहे. फ्यूम हूड नसलेल्या खोलीत, पुढच्या बाकावर मुले बसलेली असताना हा प्रयोग करण्याचे समर्थन होऊ शकत नाही. मेथॅनॉल ओतून रंगीत ज्वाला दाखवण्याचा प्रयोगही तसाच. त्यात अनेक देशांत विद्यार्थी गंभीर भाजले आहेत. क्षारांच्या द्रावणात रात्रभर भिजवलेल्या लाकडी काड्या बर्नरच्या ज्योतीत धरल्या तर तेच रंग दिसतात आणि मेथॅनॉलची बाटली टेबलावर आणावी लागत नाही.

जुन्या प्रात्यक्षिक पुस्तकांकडेही सावधपणे पाहावे. ब्रोमाइड-आयोडाइड ओळखण्यासाठी द्रावकाच्या थराचा रंग पाहतात, त्या स्तर परीक्षेत कार्बन टेट्राक्लोराइड वापरा असे त्यांत लिहिलेले असते. ओझोनच्या थराला घातक म्हणून मॉन्ट्रियल करारानुसार त्याचा वापर आवरण्यात आला, शिवाय ते यकृताला अपायकारक आहे. त्याऐवजी सायक्लोहेक्झेन चालते. मात्र ते पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे रंगीत थर खाली न दिसता वर दिसतो, आणि ते ज्वालाग्राही असल्यामुळे शेजारी बर्नर पेटलेला नसावा. थर वर दिसतो ही गोष्ट मुलांना आधी न सांगितल्यास ती वहीत ‘परीक्षा नकारात्मक’ असे लिहून मोकळी होतात.

कोणत्याही रसायनाची खरी माहिती त्याच्या सुरक्षा माहितीपत्रकात असते. मोठे उत्पादक ती आपल्या संकेतस्थळांवर मोफत ठेवतात. या पत्रकाचे जगभर १६ ठरलेले भाग असतात. सगळे वाचायला वेळ नसेल तर दुसरा भाग धोक्यांचा, चौथा प्रथमोपचाराचा, सातवा हाताळणी व साठवणीचा आणि तेरावा विल्हेवाटीचा, एवढे वाचावेत. आम्ही कपाटातील प्रत्येक रसायनाचे पत्रक छापून एका फाइलीत ठेवले आहे, कारण अपघाताच्या वेळी मोबाइलला रेंज असेलच असे नाही.

प्रयोग कमी खर्चात बसवण्यासाठी सूक्ष्मप्रमाण पद्धत अभ्यासावी. एनसीईआरटीने तिचा संच तयार केलेला आहे. संच नसला तरी प्लॅस्टिकचे ड्रॉपर आणि खळगे असलेली पट्टी यांवर बरीच निरीक्षणे थेंबांच्या प्रमाणात होतात. वर्षातून एकदाच मागणी जाते अशा ठिकाणी हा फायदा मोठा आहे. काही पदार्थ गावातच मिळतात. कृषी सेवा केंद्रात मोरचूद मिळते, किराणा दुकानात तुरटी, खाण्याचा सोडा आणि चुना मिळतो. गुणात्मक निरीक्षणासाठी ते चालतात, अनुमापनासाठी, म्हणजे द्रावण थेंबथेंब घालून अचूक प्रमाण मोजण्यासाठी, चालत नाहीत, कारण त्यांची शुद्धता ठाऊक नसते. द्राक्ष बागायतदार मोरचूद व चुन्याचे एक टक्क्याचे बोर्डो मिश्रण करतात, म्हणजे १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. त्याचा सामू आम्लधर्मी राहिला तर पाने करपतात, म्हणून शेतकरी लोखंडी खिळा किंवा विळा बुडवून त्यावर तांबे चढते का ते बघतात. अभिक्रियाशीलतेची श्रेणी शिकवायला यापेक्षा चांगला दाखला मला तरी कोणत्याही संकेतस्थळावर सापडलेला नाही.

———

घटपर्णी

सर्वांची आभारी आहे. प्रयोगवही सर, खिळ्याचा दाखला आमच्या पालकांपैकी अनेकांच्या रोजच्या कामातला आहे आणि तरीही तो मी वर्गात कधी वापरला नव्हता. भाषेबद्दल कोणी लिहिले तर बरे होईल. मुलांना भाषांतर नको आहे. त्यांना इंग्रजी परिच्छेद वाचताना हाताशी धरता येईल असा आधार हवा आहे.

———

नववी_अ

मॅडम, मी मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो आणि आमची मुले पुढे तुमच्यासारख्यांकडे येतात, म्हणून ही जबाबदारी निम्मी आमची आहे.

पहिला आधार बालभारतीचाच. नववी-दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ या पुस्तकांच्या मराठी व इंग्रजी आवृत्त्या ई-बालभारतीवरून मोफत उतरवता येतात. दोन्हींतील प्रकरणे समांतर असतात, चित्रेही तीच असतात. दहावीची परीक्षा झाल्यावर जी सुट्टी मिळते, त्या काळात ओळखीचे प्रकरण इंग्रजी आवृत्तीतून वाचायला दिले तर मुलांना विषय नव्याने शिकावा लागत नाही, फक्त वाक्यरचना शिकावी लागते. नव्या विषयावर नवी भाषा लादण्यापेक्षा हे सोपे जाते. आमच्या काही मुलांनी ‘रासायनिक अभिक्रिया व समीकरणे’ हे प्रकरण असे वाचले आणि अकरावीत त्यांना रासायनिक गणिताचे पहिले प्रकरण परके वाटले नाही.

संज्ञांसाठी भाषा संचालनालयाचा रसायनशास्त्र परिभाषा कोश जालावर शोधता येतो. सगळ्या संज्ञा पुस्तकातल्या संज्ञांशी जुळतीलच असे नाही, तेव्हा बालभारतीची संज्ञा प्रमाण मानून कोश पूरक म्हणून वापरावा. एखाद्या मूलद्रव्यावर किंवा उद्योगावर सविस्तर मराठी लेख हवा असेल तर मराठी विश्वकोश उघडावा. त्याचे छापील खंड जुने आहेत, त्यामुळे उत्पादनाचे आकडे आणि देशांची नावे कालबाह्य असू शकतात. गंधकाम्लाची संपर्क पद्धत किंवा साबणनिर्मिती यांसारख्या विषयांवरची त्यातली मांडणी मात्र आजही वाचनीय आहे. मुंबईची मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करते. तिच्या मासिक पत्रिकेतील लेख वर्गात मोठ्याने वाचून दाखवण्याजोगे असतात.

आभासी प्रयोगांत कोलोरॅडो विद्यापीठाची ‘फेट’ सादृश्यके, म्हणजे पडद्यावर हाताळता येणारी प्रयोगांची प्रतिरूपे, मी वापरतो. नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. त्यातील अनेक सादृश्यके मराठीत आहेत आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटविना चालतात. समीकरण संतुलित करणे, अणू घडवणे आणि सामू मोजणे ही तीन मला विशेष उपयोगी वाटली. मर्यादित अभिकारकाचे, म्हणजे जो आधी संपतो त्या अभिकारकाचे, सादृश्यक सँडविचपासून सुरू होते. आमच्या वर्गात मी त्याऐवजी वडापाव घेतो. दहा पाव आणि सात वडे असतील तर किती वडापाव होतील, याचे उत्तर चुकणारे मूल मला अजून भेटायचे आहे. प्रात्यक्षिकांसाठी अमृता विद्यापीठ आणि सी-डॅक यांच्या ‘ओलॅब्ज’वर नववी ते बारावीचे प्रयोग पायरीपायरीने दिले आहेत. खऱ्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी ते पाहून यायला सांगावे. खऱ्याऐवजी ते दाखवू नयेत, कारण ब्युरेटच्या, म्हणजे द्रावण मोजून सोडणाऱ्या नळीच्या, तोटीवर बोट कसे ठेवायचे हे पडद्यावर शिकता येत नाही.

———

मांडवीतीर

गोव्यात आमच्या मंडळाला एनसीईआरटीचीच पुस्तके आहेत. त्या अनुभवावरून एक भर घालते. एनसीईआरटीची हिंदी पुस्तकेही मोफत आहेत. अकरावीच्या इंग्रजी पानाशेजारी तेच हिंदी पान ठेवले तर मराठी मुलांना अर्थ लागायला मदत होते, कारण लिपी तीच आणि बऱ्याच संज्ञाही जवळच्या. पुस्तकापेक्षा अधिक वापरावी अशी त्यांची दोन प्रकाशने म्हणजे ‘एक्झेम्प्लर प्रॉब्लेम्स’ आणि प्रात्यक्षिकांची नियमपुस्तिका. पहिल्यातील प्रश्न पाठांतराने सुटत नाहीत. काटछाटीकडे मात्र लक्ष ठेवावे. आवर्ती वर्गीकरणाचे प्रकरण दहावीतून वगळले गेले आणि अकरावीत राहिले, त्यामुळे अकरावीच्या शिक्षकाला पाया गृहीत धरता येत नाही. उतरवलेली पीडीएफ कोणत्या वर्षाची आहे हे पहिल्या पानांवर पाहून घ्यावे.

———

अणुभार

चित्रफितींबद्दल कोणी काही लिहिले नाही, म्हणून माझे मत मांडतो. शिकवण्यासाठी चित्रफिती वापरूच नयेत. त्या पाहताना मुलांना सगळे समजल्यासारखे वाटते आणि वही कोरी राहते. शिवाय घाईत बोलणाऱ्या शिकवणीवाल्यांच्या चित्रफितींत सूत्र असते, कारण नसते.

———

थेम्सकाठ

सर, सरसकट नकार मला पटत नाही. रुबिडियम किंवा सीझियम पाण्यात टाकल्यावर काय होते हे शाळेत दाखवता येत नाही आणि दाखवूही नये. नॉटिंगहॅम विद्यापीठाचे प्राध्यापक मार्टिन पोलियाकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ पासून प्रत्येक मूलद्रव्यावर चित्रफिती केल्या आहेत, त्या अशाच कामासाठी आहेत. मी आवाज बंद करून दोन मिनिटे दाखवते, लिथियमपासून सीझियमपर्यंत काय बदलले ते मुलांना लिहायला लावते आणि मग कारणाकडे वळते. निरीक्षणासाठी चित्रफीत, स्पष्टीकरणासाठी फळा, एवढा भेद केला तर तुमचा आक्षेप उरत नाही असे वाटते.

———

अणुभार

आवाज बंद करण्याची अट मान्य आहे. एनपीटीईएल आणि स्वयम् या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठांवरील आयआयटीच्या व्याख्यानांनाही मी अपवाद करीन, परंतु ती शिक्षकाने स्वतःसाठी ऐकावीत. अकरावीच्या वर्गात ती लावणे म्हणजे आपला तास दुसऱ्याला देणे होय.

होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा उल्लेख राहून गेला. मानखुर्दचे हे केंद्र १९७४ मध्ये सुरू झाले आणि रसायनशास्त्र ऑलिंपियाडचे राष्ट्रीय काम तेथूनच चालते. भारतीय राष्ट्रीय ऑलिंपियाडच्या मागील प्रश्नपत्रिका उत्तरांसह त्यांच्या संकेतस्थळावर आहेत. प्रश्न अवघड असले तरी त्यांची सुरुवात बहुधा एखाद्या औषधापासून, खनिजापासून किंवा उद्योगापासून होते. पहिले एकदोन उपप्रश्न अकरावीच्या वर्गाला सहज देता येतात. रसायनशास्त्राच्या शिक्षकांची अखिल भारतीय संघटनाही याच केंद्राशी निगडित आहे आणि तिच्या अधिवेशनांत प्रयोगांवर चर्चा होते. एकट्याने शोधत बसण्यापेक्षा तेथे भेटणाऱ्या माणसांचा उपयोग अधिक होतो.

———

घटपर्णी

या चर्चेतून एक ठोस बेत आखला आहे. आमच्या भागात विंधन विहिरींचे पाणी जड आहे. डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, ही घरोघरची तक्रार आहे. अकरावीच्या मुलांकडून आपापल्या घरच्या पाण्याची कठीणता मोजून घ्यावी असा विचार आहे. मर्यादा कोणती प्रमाण मानावी आणि पद्धत कोठून घ्यावी?

———

पुस्तकपाल

भारतीय मानक ब्युरोचे पिण्याच्या पाण्याचे मानक, आयएस १०५०० : २०१२, पाहावे. ब्युरोच्या संकेतस्थळावर नोंदणी करून भारतीय मानके आता विनामूल्य उतरवता येतात, हे अनेक शिक्षकांना ठाऊक नाही. एकूण कठीणतेची स्वीकारार्ह मर्यादा कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. फ्लोराइडसाठी या दोन मर्यादा लिटरला १ आणि १.५ मिलिग्रॅम आहेत. फ्लोराइड शाळेत मोजण्याच्या भानगडीत पडू नये. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत पाण्याचे नमुने तपासले जातात. तेथून आलेला अहवाल मुलांच्या आकड्यांशी ताडून पाहता येईल.

———

प्रयोगवही

पद्धत ईडीटीए या कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधून ठेवणाऱ्या संयुगाने करायच्या अनुमापनाची वापरावी. ईडीटीएच्या डायसोडियम क्षाराचे, दोन रेणू स्फटिकजल धरून, मोलर वस्तुमान ३७२.२४ ग्रॅम आहे, त्यामुळे ०.०१ मोलार द्रावणासाठी एक लिटरला ३.७२२ ग्रॅम लागेल. नळाच्या पाण्यात ते करू नये, ऊर्ध्वपातित पाणीच घ्यावे. ५० मिलिलिटर नमुना घेऊन अमोनियाच्या बफरने, म्हणजे सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाने, सामू १० वर आणावा आणि एरिओक्रोम ब्लॅक टी दर्शक घालावा. मद्यासारखा लाल रंग जाऊन निळा आला की थांबावे. या संहतीला १ मिलिलिटर ईडीटीए म्हणजे १ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, म्हणून ब्युरेटच्या वाचनाला २० ने गुणले की थेट लिटरमागे मिलिग्रॅममध्ये उत्तर मिळते.

दोन गोष्टी सांभाळाव्यात. दर्शकाचे पाण्यातील द्रावण फार दिवस टिकत नाही, म्हणून तो कोरड्या मिठात एकास शंभर या प्रमाणात खलून ठेवावा आणि चिमूटभर वापरावा. बफरमध्ये संहत अमोनिया असतो. फ्यूम हूड नसल्यामुळे तो मुलांकडून करून न घेता तुम्ही किंवा सहाय्यकाने खिडकीपाशी, खिडक्या उघड्या ठेवून, एकदाच करून बाटलीत भरावा आणि मुलांना ड्रॉपरने द्यावा. तुमच्याकडील पाणी फारच जड निघाले आणि ब्युरेट अपुरी पडू लागली, तर नमुना २५ मिलिलिटर घेऊन ४० ने गुणावे.